निकालाचे माप

शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की लोणावळ्याची शहरी शाळा आणि आंदर मावळातील द्विशिक्षकी शाळा एकाच मापाने तोलल्या जातात. १९५४-५५ पासून चौथी व सातवीत होणारी ही परीक्षा २०१६-१७ साली, शिक्षणहक्क कायद्यातील स्तररचनेस अनुसरून, पाचवी व आठवीत नेण्यात आली. तेव्हा ज्या अनेक जिल्हा परिषद शाळा चौथीशीच संपतात, त्यांनी चार वर्षे घडविलेल्या मुलाचे यश दुसऱ्याच शाळेच्या दप्तरी जमा होऊ लागले, आणि मूळ गुरुजींच्या वाट्यास पटसंख्येचा खुलासा तेवढा उरला! आता परीक्षा पुन्हा चौथी-सातवीकडे वळविण्याचा निर्णय झाला आहे, तो आम्हांस सर्वथा इष्ट वाटतो. मात्र भर पावसात ओढे ओलांडून येणाऱ्या मुलांची श्रावणातली हजेरी गुणपत्रिकेशेजारी ठेवूनच अंमलदारांनी शाळांकडे जाब मागावा.