अ‍ॅम्प्लिफायर रात्री बंदच करावा


‘अ‍ॅम्प्लिफायर चोवीस तास चालू ठेवा, बंद-चालू केल्यानेच तो बिघडतो’ हे गेल्या अंकातल्या पत्रातलं मत अर्धंच पटलं. चालू करताना झटका बसतो, खरं. पण दिवसातून एकदा बटण दाबून अ‍ॅम्प सहसा जात नाही. घात करते ती उष्णता. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आणि लालबाग-परळच्या खोल्यांत अ‍ॅम्प बसतो कुठे? शोकेसच्या कप्प्यात, वर क्रोशाचा रुमाल! गाणं न लावताही ५० वॅट खाणारा जुना अ‍ॅम्प चोवीस तास चालू ठेवला तर बेस्टच्या वीजबिलात महिन्याला ३६ युनिटं घालतो. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून रोज तासभर लावावा, एवढं मान्य. गरम झाल्यावरच आवाज खुलतो म्हणता? मग चहाचं आधण ठेवतानाच बटण दाबा.

— एक वाचक, गिरगाव