डोंगर 'मारायचा' नसतो

आपल्या हॉस्टेलचा अर्धा कारभार एकाच क्रियापदावर चालतो, ते म्हणजे 'मारणे'. आपण दांडी मारतो, चक्कर मारतो, झेरॉक्स मारतो, सबमिशनच्या आदल्या दिवशी नाइट मारतो आणि रविवारी पहाटे उठून सिंहगड मारतो. मी कॉन्व्हेंटमधला, त्यामुळे हे क्रियापद मी इथे हॉस्टेलवर येऊनच शिकलो. आता ते माझ्याही तोंडात पक्कं बसलंय. सिंहगडापुरतं ते ठीकच आहे. पण हल्ली प्रत्येक विंगमध्ये लडाख नाहीतर स्पितीचा प्लॅन शिजत असतो आणि तिथेही आपण तेच म्हणतो, "जूनमध्ये स्पिती मारू!" मला एवढंच सांगायचंय की तिथे हे क्रियापद चालत नाही. आणि कुणाच्या सांगण्यावरून परत फिरायचं, हे घरून निघायच्या आधीच ठरवून निघावं लागतं.

(लेखात सगळे आकडे अंकांत लिहिलेत. एकोणऐंशी म्हणजे ७९ की ८९, हे मला अजूनही बोटांवर मोजावं लागतं. मराठीच्या सरांनी सांभाळून घ्यावं.)

आधी आपल्या तयारीबद्दल बोलू. आपण सह्याद्रीत तयार होतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. मनाली हे नुसतं गाव सुमारे २,०५० मीटरवर आहे. म्हणजे आपलं चढणं जिथे संपतं, त्याच्याही वर तिथली बस थांबते! सिंहगड पाऊण तासात चढता येतो यावरून तुमच्या मांड्यांची ताकद कळते, चार हजार मीटरवर तुमचं डोकं दुखेल की नाही ते कळत नाही.

कारण साधं आहे. हवेतला ऑक्सिजन वरही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब उतरतो. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा माल निम्मा. शरीर मग श्वास वाढवतं. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी व्हायला लागतं, आणि तो तोल सावरायचं काम मूत्रपिंडं सावकाश, दोन-चार दिवस घेऊन करतात. हा वेळ जिममध्ये जाऊन कमी होत नाही. म्हणून डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवायचा नाही.

फिट माणसाला हा त्रास होत नाही, ही सगळ्यात मोठी गैरसमजूत. १९६२ च्या युद्धाच्या काळात आपल्या जवानांना मैदानी भागातून घाईघाईने उंचावर पाठवावं लागलं. तरुण, कवायत केलेले, धडधाकट जवान शत्रूची गोळी न लागता आजारी पडले. पुढे १९६९ मध्ये आपल्या डॉक्टरांनी १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर या आजाराबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. तो आजही जगभर उद्धृत होतो. फौजेतल्या जवानांना जे झालं ते आपल्याला होणार नाही, असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? मेसच्या जेवणाच्या?

आता माझा अनुभव. २०२५ च्या जूनच्या शेवटी, एस.ई.ची परीक्षा संपल्यावर, मी आणि माझा रूम पार्टनर सायकली घेऊन मनालीहून काझाला निघालो. पार्टनर कोल्हापूरचा, शाळेत असल्यापासून तालमीत जाणारा. सगळं हॉस्टेल त्याला पैलवान म्हणतं. तो एका दमात जेवढे जोर काढतो तेवढे मला आठवड्यातही जमत नाहीत. निघायच्या आधी आम्ही एक नियम वहीत लिहून दोघांनी खाली सह्या केल्या होत्या: 'दोघांपैकी कोणीही परत म्हटलं की परत. वाद खाली जाऊन घालायचा.' सही करताना पैलवान हसत होता. त्याला वाटलं, नियम माझ्यासाठी आहे. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

मनालीत दोन रात्री, मग मढीला एक, आणि तिथून ३,९७८ मीटर उंचीचा रोहतांग ओलांडून छत्रूला. ग्राम्फूला डांबरी हमरस्ता सोडला की सायकलिंगची खरी मजा सुरू होते. रस्त्याचा बराचसा भाग म्हणजे नुसते दगडगोटे, मध्ये मध्ये वाळू, आणि बर्फ वितळून आलेले नाले थेट रस्त्यावरून वाहतात. हे नाले सकाळी घोट्याएवढे आणि दुपारी उन्हं तापली की गुडघ्याच्या वर. त्यामुळे निघायचं ते पहाटेच. पुढच्या चाकाचे शॉकअप असे धडधडतात की मनगटं संध्याकाळपर्यंत बधिर. शेजारून राखाडी रंगाची चंद्रा नदी जात असते. समोरच्या डोंगरांवर एक झाड नाही, पण तपकिरी, जांभळा, गंजासारखा लाल असे रंग इतके, की कितीदा उतरून नुसतं बघत उभं राहावं लागतं. बातलच्या अलीकडे पलीकडच्या काठावर बडा शिग्री ही हिमाचलमधली सर्वांत मोठी हिमनदी येऊन मिळते. फोटोत यातलं काहीच येत नाही. आम्ही काढले, म्हणून सांगतो.

या चढांवर सायकलच आपल्याला अक्कल शिकवते. माझ्या सायकलला पुढे सगळ्यात लहान चक्र २२ दात्यांचं आणि मागे सगळ्यात मोठं ३४ दात्यांचं. २६ इंची चाकाचा परीघ साधारण २ मीटर. गणित करा: पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.३ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी पावणेपाच किलोमीटर, म्हणजे चालण्याएवढाच! हा गिअर आपल्याकडे टाकणाऱ्याला 'काय आजोबा' म्हणून चिडवतात. तिथे तोच गिअर माणसाला दमेकरी होण्यापासून वाचवतो. गाडीवाला मात्र सकाळी मनालीत चहा पिऊन संध्याकाळी चार हजार मीटरच्या वर चंद्रतालच्या तंबूत झोपू शकतो. २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौल आणखी जवळ आलंय. आपण इंजिनीअर लोक रस्ता कमी करू शकतो. मूत्रपिंडाला बोगदा पाडता येत नाही.

छत्रू सुमारे ३,३५० मीटरवर आणि बातल सुमारे ३,९६० वर. ही उडी ५०० पेक्षा जराशी मोठी, म्हणून आम्ही छत्रूला दोन रात्री काढल्या. सगळं नियमात बसवूनही बातलला पोचल्यावर पैलवानाचं डोकं दुखायला लागलं. ढाब्यावरचा राजमा-चावल त्याने पुढ्यातून सरकवून दिला. ज्या माणसाने मेसमध्ये पोळ्यांचा रेकॉर्ड केलाय त्याने! रात्री उलटी. सकाळी मी उठलो तर हा तयार होऊन बसलेला, फक्त हेल्मेटचा बक्कल त्याला लावता येईना. दोनदा, तीनदा प्रयत्न. मी म्हटलं, "जरा एका रेषेत चालून दाखव, टाचेला बोटं लावत." ही तपासणी मी निघायच्या आधी वाचून ठेवली होती. सातव्या-आठव्या पावलाला तो बाजूला कलंडला.

"काय न्हाई झालंय मला. चल की! वर तर आलंयच."

खरंच आलं होतं. कुन्झुमची खिंड तिथून फक्त १०-१२ किलोमीटर. आकाश निळंशार. पण चालताना तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज यायला लागल्याची खूण असू शकते, आणि त्यावर पहिला उपाय एकच, खाली उतरणं. मी वही काढून त्याच्या पुढ्यात धरली आणि म्हटलं, "परत." तो माझ्याकडे असा बघत होता की आखाड्यात असतो तर माझी पाठ केव्हाच लागली असती. पण सही त्याची होती. रेशन पोचवून रिकामं परतणाऱ्या एका पिकअपवाल्या काकांनी दोघांना आणि दोन्ही सायकलींना जागा दिली, पैसे घ्यायला तयार होईनात. छत्रूपर्यंत उतरलो तेव्हाच पैलवान अर्धा ग्लास चहा प्यायला. मनालीत डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "उतरलात ते बरं केलंत." पैलवान माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "कुस्ती न खेळताच चितपट केलास की रं मला."

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. परत फिरायची वेळ आली ते त्याला कळलं नाही. कळणारच नव्हतं. ज्या मेंदूने हा निर्णय घ्यायचा, त्याच मेंदूला ऑक्सिजन कमी पडत असतो. त्यामुळे 'ज्याला त्रास होईल त्याने सांगावं' हा नियम दिसायला सभ्य असला तरी कुचकामी आहे. सांगायचं काम ज्याला बरं वाटतंय त्याचं. आणि ते त्याला तेव्हाच जमतं, जेव्हा तो हक्क आधीच दिलेला असतो. वर गेल्यावर हक्क मागायला गेलात तर भांडणच होणार.

यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत. त्यांचा एक मुद्दा मला पटतो. रेल्वेची तिकिटं, सायकलींचं पार्सल, वर्षभर वाचवलेले पैसे, घरच्यांना घातलेले हातपाय, एवढं सगळं करून १० किलोमीटर अलीकडून परतायचं म्हणजे जिवावर येतं. येतंच. मलाही आलं. म्हणून उपाय तिकीट काढतानाच करायचा. दोन दिवस कोरे ठेवा. ज्या प्लॅनमध्ये एकही कोरा दिवस नाही, त्या प्लॅनमध्ये आजारी माणसाला 'मी ठीक आहे' असं खोटं बोलावंच लागतं. दुसरा मुद्दा येतो तो गोळीचा. "डायमॉक्स घ्यायची नि वर जायचं." ती गोळी शरीराच्या जुळवून घेण्याला मदत करते, डॉक्टरांना विचारून घ्यावी. पण त्रास सुरू झाल्यावर वर चढत राहायचा तो परवाना नाही.

आणि जोश? जोश हवाच, त्याशिवाय ग्राम्फूच्या पुढे कुणी सायकल रेटणार नाही. पण आपल्याकडे जोश म्हणजे दुसऱ्याला 'कर रे, काय नाय होत' म्हणणं, अशी व्याख्या झालीये. ती विंगमध्ये चालते, ताप अंगावर काढून नाइट मारणाऱ्या पोराला आपण तेच सांगतो. तिथे निदान खाली रिक्षा मिळते आणि वॉर्डन सर गाडी काढतात. बातलला दवाखाना नाही.

तेव्हा माझी एक सूचना आहे. आपल्या कॉलेजमधून हिमालयात जाणाऱ्या प्रत्येक ग्रुपने निघण्याआधी तीन गोष्टी एका कागदावर लिहून सह्या कराव्यात आणि एक प्रत वॉर्डन सरांकडे द्यावी. रोजचा मुक्काम किती मीटरवर. कोरे दिवस कोणते. आणि कोणाचं 'परत' ऐकायचं (उत्तर: कोणाचंही). यात खर्च एका कागदाचा. जीएसने मनावर घेतलं तर पुढच्या उन्हाळी सुट्टीआधीच सुरू करता येईल.

परत आल्यावर जो तो विचारतो, "कुन्झुम झालं का?" नाही झालं. पुढच्या जूनचा प्लॅन पैलवानाने आखलाय, या वेळी तीन कोऱ्या दिवसांसकट. ते त्याने स्वतःहून घातलेत, मी काही बोललो नाही. बघा, तुम्हालाही पटतंय का!

– टी.ई. मेकॅनिकल