किल्ला हातातला आणि अंगणातला

हातातल्या छोट्या यंत्रावरचे बुरूज राखण्याचे खेळ मुलांना वेड लावतात, ही पालकांची तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. तक्रार खरी आहे. पण खेळ अगदीच फुकाचा नव्हे. 2008 साली निन्टेंडो डीएसवर आलेला 'लॉक्स क्वेस्ट' पाहा. शत्रू येण्याआधी ठरावीक वेळेत तटभिंती आणि बुरूज उभारायचे, हल्ला सुरू झाला की पडझड दुरुस्त करायची. जागा चुकली की डाव गेला!

दिवाळीत बेळगाव-निपाणीच्या गल्लीगल्लीत आपली मुले मातीचे किल्ले करतात, तिथे मात्र हा विचार क्वचितच दिसतो. बाजारातले मावळे मांडले, मोहरी पेरली, की झाला किल्ला. (बक्षीसही बहुधा त्यालाच!) रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड का लपवला, डोंगराचा आधार नसलेल्या बेळगावच्या भुईकोटाला खंदक का लागला, हे परीक्षक कधी विचारतात काय?

यंदाच्या किल्ला स्पर्धेत निम्मे गुण 'हा बुरूज इथेच का?' या प्रश्नाच्या उत्तराला ठेवावेत, अशी विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे. त्या खेळात तरबेज झालेली मुले यात मागे राहणार नाहीत, असा आमचा अंदाज आहे. आणि पालकांनी यंत्र हिसकावून घेण्याआधी एका रविवारी मुलांना खंदकाच्या काठी जरूर न्यावे.