तपासणी आचाऱ्यासमक्ष व्हावी

मा. प्रमुख अग्निशमन अधिकारी,
मुंबई अग्निशमन दल, यांस



कुर्ल्याच्या एका उपाहारगृहात १६ ऑक्टोबर २०१५ रोजी पोटमाळ्यावर जेवावयास बसलेली आठ माणसे, बहुतेक महाविद्यालयीन विद्यार्थी, आगीत दगावली आणि त्यानंतर दोन वर्षांनी, १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे, साकीनाक्याच्या फरसाणाच्या कारखान्यात बारा कामगार प्राणास मुकले, ह्या घटना आपल्या दप्तरी माझ्याहून अधिक तपशिलाने नोंदलेल्या असतील. त्यांची उजळणी करण्यासाठी हे पत्र नाही. उपाहारगृहांच्या भटारखान्यांत आग विझविण्याची जी यंत्रणा बसविलेली असते, तिच्या नियतकालिक तपासणीसंबंधी एक मागणी आपल्यापुढे ठेवावी, एवढाच हेतू आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये यंत्रणा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी मालकावर अथवा भोगवटादारावर आहे आणि तशी ती राखली असल्याबद्दल परवानाधारक अभिकरणाचा नमुना ‘ब’ मधील दाखला दर जानेवारीत व जुलैत सादर करावयाचा असतो. ही योजना मला मनापासून मान्य आहे. परंतु ज्याची तपासणी व्हावयाची, त्यानेच तपासनिसाची नेमणूक करावयाची आणि त्याचे शुल्कही द्यावयाचे, अशी ह्या व्यवस्थेची घडण असल्यामुळे, गल्ल्यापाशी चहा घेऊन शिक्कामोर्तब करणे आणि भट्टीपाशी उभे राहून एकेक भाग हाताने पाहणे, ह्या दोहोंतील अंतर कागदावरून कोणालाही ओळखता येत नाही.

आणि पाहण्यासारखे तेथे पुष्कळ असते. कढईच्या वर, धूर ओढणाऱ्या छत्राच्या आत, ठरावीक उष्णतेला वितळणाऱ्या मिश्रधातूची एक लहानशी कडी तारेत ताणून बसविलेली असते. ती वितळली की तार सैल पडते, नळकांड्यातील पोटॅशियम क्षारांचे द्रावण फवाऱ्यांतून कढईवर उतरते, आणि त्याच क्षणी गॅसचा पुरवठा बंद व्हावयाचा असतो. द्रावणाचा तप्त तेलाशी संयोग होऊन साबणासारख्या फेसाचा थर जमतो, तो हवेचा संपर्क तोडतो आणि तेल निवेपर्यंत टिकून राहतो. पण त्या कडीवर सहा महिन्यांची चिकट काजळी बसली असेल तर ती वेळेवर तापत नाही. फवाऱ्याच्या तोंडावरची टोपी हरवली असेल तर आत तेलकट मळ साचतो. आणि गॅसची झडप गंजून अडकली असेल तर विझलेली कढई पुन्हा पेटते. ह्यांतील एकही दोष दारात उभे राहून दिसत नाही. म्हणूनच अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या मानकांत ही कडी दर सहा महिन्यांनी बदलण्याचा दंडक आहे.

भिंतीवर टांगलेल्या कोरड्या चूर्णाच्या लाल नळकांड्यावर विसंबून राहणाऱ्या मालकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की वनस्पती तेल एकदा आपोआप पेट घेण्याइतके तापले, म्हणजे चूर्णाने ज्वाळा क्षणभर दबते खरी, पण तेल निवत नाही. अमेरिकेत १९९४ साली भटारखान्यांतील अशा यंत्रणांसाठी यूएल ३०० ही अधिक कठोर कसोटी लागू झाली, ती ह्याच अनुभवामुळे.

आणखी एक गोष्ट मला सर्वांत चिंतेची वाटते. प्रत्येक फवारा विशिष्ट शेगडीवर, विशिष्ट उंचीवरून रोखलेला असतो. आपल्याकडे मात्र गिऱ्हाईक वाढले की तंदूर हलतो, मंचुरियनसाठी नवी कढई येते, डोशाचा तवा खिडकीकडे सरकतो, आणि फवारा बिचारा रिकाम्या फरशीकडे तोंड करून राहतो. यंत्रणा निर्दोष, दाखला खरा, आणि संरक्षण शून्य! हा बदल मालकाच्या ध्यानात नसेल, मुनिमाच्या नसेल. पण जो माणूस रोज बारा तास त्या आचेसमोर उभा असतो, त्या आचाऱ्याला तो नेमका ठाऊक असतो. त्यालाच तपासणीच्या वेळी कोणी काही विचारीत नाही. हाताने ओढावयाची कळ कोठे आहे, हेही पुष्कळदा त्याला कोणी दाखविलेले नसते. मग भडका उडाला की तो पाण्याची बादली उचलतो, आणि तप्त तेलात पडलेल्या पाण्याची तत्काळ वाफ होऊन पेटते तेल चहूकडे उसळते.

म्हणून विनंती अशी की, येत्या मुदतीपासून भटारखान्याची तपासणी प्रमुख आचाऱ्यासमक्ष व्हावी. कडी बदलल्याची तारीख, गॅसची झडप प्रत्यक्ष बंद करून पाहिल्याची नोंद आणि कढया-शेगड्यांच्या सद्यःस्थितीचा साधा नकाशा दाखल्यास जोडावा. त्यावर अभिकरणाबरोबर आचाऱ्याचीही सही अथवा अंगठा असावा. आणि त्याची एक प्रत त्याला वाचता येईल अशा भाषेत भट्टीजवळच्या भिंतीवर लावावी. एखादी शेगडी हलविली गेली तर पुढच्या जानेवारीची वा जुलैची वाट न पाहता फेरतपासणी सक्तीची करावी. आचाऱ्याने दोष दाखविल्याबद्दल मालकाने त्याची नोकरी घालवू नये, ह्याचीही तजवीज आपल्या परिपत्रकात असावी. त्यावाचून त्याची सही केवळ हुकमाची राहील.

आपला नम्र,
मुंबईतील एक नागरिक