परवाना आहे, पण सराव?

१ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईत अभिनेता गोविंदा यांच्या पायाला स्वतःच्याच परवाना असलेल्या रिव्हॉल्वरची गोळी लागली. ना चोर, ना झटापट! मग मध्यरात्री दार फोडले जात असताना थरथरत्या हाताने काय होईल?

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षण लागते. पण पाढेसुद्धा रोज म्हटल्याशिवाय राहत नाहीत, तिथे एकदाच मिळवलेला दाखला किती पुरणार? शिवाय भारतीय न्याय संहितेचे कलम ३७ सांगते की बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते. म्हणजे गोळी कधी झाडायची नाही, हेही शिकायला हवे.

माझे मत विचाराल तर दर नूतनीकरणाला प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. नापासाला परवाना नाही. तुम्हाला काय वाटते?