रात्री दहानंतरची बाहुली

सहा वर्षांच्या भाचीसाठी बर्थडे गिफ्ट शोधणं हा हल्ली एक प्रोजेक्टच झालाय. पुस्तक नको (‘ते मागच्या वर्षी दिलंस ना मावशी!’), ड्रेस नको, म्हणजे उरलं मॉलमधलं खेळण्यांचं दुकान. तिथे सरळसरळ फाळणी. डावीकडे निळं, उजवीकडे गुलाबी. निळ्यात गाड्या, बंदुका, डायनॉसॉर. गुलाबीत बाहुल्या आणि बाहुल्यांचं सामान. सामान म्हणजे लिपस्टिक, नेलपेंट, प्लॅस्टिकचा हेअर स्ट्रेटनर आणि चिमुकल्या पावलांसाठी हाय हील्स! मी हाय हील्स पहिल्यांदा घातल्या त्या पंचविशीत, त्याही तासाभरात काढून हातात घेतल्या होत्या. सेल्समन मोठ्या उत्साहाने म्हणाला, ‘मॅडम, या डॉलबरोबर पाच ड्रेस फ्री.’ पाचही जोडले असते तरी एक हातरुमाल झाला नसता.

आता लगेच ‘आली संस्कृतिरक्षक’ म्हणू नका. शॉर्ट स्कर्ट मीही घालते, आणि कुणी कपाळाला आठ्या घातल्या तर मला राग येतो. माझा प्रश्न तोकड्या कपड्यांचा नाहीच. मोठ्यांच्या जगातलं ‘हॉट’ दिसणं सहा वर्षांच्या मुलीला खेळ म्हणून का विकलं जातं, हा आहे.

या गुलाबी भागाच्या महाराणीचा म्हणजे बार्बीचा जन्म कसा झाला, माहितेय? १९५२ साली पश्चिम जर्मनीतल्या ‘बिल्ड’ या वर्तमानपत्रात लिली नावाची एक कार्टून पोरगी आली. सोनेरी केस, घट्ट कपडे, तिखट जीभ आणि पैसेवाल्या पुरुषांवर नजर. ती इतकी हिट झाली, की १९५५ मध्ये तिची बाहुली निघाली. पण मुलांसाठी नव्हे! ती विकली जायची तंबाखूच्या दुकानांतसुद्धा, पुरुषांनी एकमेकांना गंमत म्हणून द्यायला. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये सुट्टीवर आलेल्या रूथ हँडलर या अमेरिकन बाईंना ती शोकेसमध्ये दिसली. त्यांची मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांना मोठ्या बायका समजून खेळायची, तेव्हा अशी बाहुली चालेल हे त्यांनी हेरलं. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या टॉय फेअरमध्ये बार्बी अवतरली. थोडक्यात काय, तर मोठ्यांच्या चावट विनोदातला फिगर जवळपास तसाच मुलींच्या हातात आला.

रूथबाईंचा हेतू वाईट नव्हता हं. मुलींनी आई होण्यापलीकडचीही स्वप्नं पाहावीत, असं त्यांना वाटायचं. १९६५ मध्ये बार्बी अंतराळवीर झाली, माणूस चंद्रावर जायच्या चार वर्षं आधी! पण त्याच १९६५ मध्ये ‘स्लंबर पार्टी’ बार्बीही आली. तिच्याबरोबर वजनकाटा होता, तो ११० पौंडांवर म्हणजे जेमतेम ५० किलोंवर कायमचा थांबलेला. शिवाय वजन कमी करण्याचं एक पिटुकलं पुस्तक, आणि त्यातला सल्ला काय, तर खाऊच नका. दिवसा अंतराळवीर, रात्री उपाशी. आपल्यातल्या बऱ्याच जणींचं टाइमटेबल याहून वेगळं नाही, असो.

‘अगं, खेळणं आहे ते, मुलं कुठे एवढा विचार करतात!’ हे ताईचं वाक्य. करतात. इंग्लंडमध्ये हेल्गा डिटमार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच ते आठ वयाच्या १६२ मुलींना चित्रांची पुस्तकं दाखवली. काहींना बार्बीची, काहींना एमी या जाडसर बाहुलीची, काहींना बाहुलीच नसलेली. मग त्यांना स्वतःच्या शरीराबद्दल विचारलं. बार्बी पाहिलेल्या धाकट्या मुली स्वतःच्या शरीरावर जास्त नाराज निघाल्या, आपण बारीक असायला हवं होतं असं त्यांना वाटत होतं. लक्षात घ्या, फक्त चित्रं पाहून! वर्षभरानंतर, २००७ मध्ये, अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने मुलींच्या अशा चित्रणावर मोठा अहवाल काढला. खेळण्यांपासून जाहिराती-व्हिडिओंपर्यंत सगळीकडून मुलीला एकच गोष्ट कळते, तिची किंमत तिच्या दिसण्यात आहे, आणि त्याचा संबंध नैराश्याशी, खाण्याच्या विकारांशी आणि खचलेल्या आत्मविश्वासाशी जोडला गेलाय, असं त्यात म्हटलंय.

परवा फोटो काढताना भाची पोट आत घेऊन उभी राहिली. श्वास रोखून, गाल लाल. ‘कुणी शिकवलं गं?’ तर म्हणे, ‘असंच उभं राहतात.’ दोष एकट्या बाहुलीचा नाही, मान्य. आरशासमोर ताईही तशीच उभी राहते, मीही. आणि ऑफिसात ‘अय्या, किती बारीक झालीस!’ याहून मोठी कॉम्प्लिमेंट आपण कुणाला देतो तरी का?

मुलग्यांनाही यातून सूट नाही. १९६४ च्या जी. आय. जो या सैनिक बाहुल्याचे दंड साध्या माणसासारखे होते. नव्वदच्या दशकातल्या ‘एक्स्ट्रीम’ अवतारात ते इतके फुगले, की खऱ्या माणसाच्या उंचीच्या हिशेबाने मोजले तर २६ इंचांच्या वर भरतील. तुमची कंबर किती आहे, जरा आठवा!

यावर आपण काय करतो? जे बघून मोठे लाजतात त्यावर तुटून पडतो. मे २०११ मध्ये माहिती-प्रसारण मंत्रालयाने डिओच्या उत्तान जाहिरातींवर कारवाई करायला सांगितलं. ठीकच होतं. डिसेंबर २०१७ मध्ये मात्र मुलांचं कारण देऊन कंडोमच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतच दाखवा, असा सल्ला निघाला. टीका झाल्यावर उत्तान नसलेल्यांना सूट मिळाली, पण पहिली हौस तीच! मुलाने ‘हे काय असतं?’ विचारलं तर आपली पंचाईत होते, हे खरं. पण त्याने मुलाचं नेमकं काय बिघडतं? उलट बाहुलीच्या कमरेबद्दल कुणी काही विचारतच नाही, म्हणून ती दिवसभर काउंटरवर.

रिअ‍ॅलिटी शोंचंही तसंच. चिमुरड्या पोरी नाच करताना प्रौढ नायिकेसारखे ओठ चावतात, परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात, आई प्रेक्षकांत डोळे पुसते. जून २०१९ मध्ये मंत्रालयाला चॅनेल्सना याबद्दल समज द्यावी लागली.

कायदा अगदीच गप्प नाही. २०२२ मधल्या केंद्राच्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांत, मुलांना स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटायला लावणारी जाहिरात चालणार नाही, असं स्पष्ट लिहिलंय. हे फारच कमी लोकांना ठाऊक आहे. जाहिरात खटकली तर अ‍ॅस्की या जाहिरात क्षेत्राच्याच नियमन संस्थेकडे कुणीही फुकट तक्रार करू शकतं. ऑनलाइन, कॉफी पिता पिता. पण हे सगळं जाहिरातीपुरतं. खेळण्यांवर २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा झालाय, आणि त्यासाठी टोकं बोचतात का, रंगात शिसं आहे का, चटकन पेट घेतं का, हे तपासतात.

कंबर तपासत नाहीत. ती बदलायची गरज कंपनीलाच वाटली, खप घसरल्यावर. २०१६ मध्ये बार्बी उंच, बुटकी आणि भरलेल्या बांध्याची अशा तीन नव्या रूपांत आली. बायकांनी कित्येक वर्षं केलेली ओरड एकीकडे आणि विक्रीचा तक्ता दुसरीकडे.