मोटारीचे खरे भूषण

मोटार दृष्टीस पडली की आपण तिचा रंग आणि डौल वाखाणतो. तिचे खरे भूषण मात्र आसनालगत उपेक्षित लोंबत असते. खांदा व कंबर एकदम सावरणारा पट्टा स्वीडिश अभियंता नील्स बोलिन याने १९५९ साली व्होल्वो कंपनीत सिद्ध केला. कंपनीने तो सर्वांस खुला केला.

आपल्याच धार जिल्ह्यात, पीथमपूरच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या मार्गावर मोटारींचा कस लागतो. परंतु कसास उतरलेली मोटारही पट्टा न बांधणाऱ्यास तारीलच असे नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागील आसनावरील दोघेही पट्ट्याविना होते. दोघेही प्राणांस मुकले. 'मागे बसणाऱ्यास पट्टा कशाला?' या प्रश्नाचे हेच उत्तर.

विद्यार्थ्यांनो, पट्टा बांधा. वडीलधाऱ्यांसही विनयाने आठवण द्या.